एकाच पाण्यावरचे दोन शोधनिबंध

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या शिक्षणसंस्थेचे सचिव आदरणीय भैयाजी. प्रमुख अतिथी, याच महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी आणि आज शेजारच्या तालुक्यात प्राचार्यपद भूषवणारे डॉ. टिकेश पारधी, आपले प्राचार्य महोदय, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते सत्कारमूर्ती, रसायनशास्त्राचे डॉ. दुर्गाप्रसाद बिसेन सर. पहिल्या रांगेत बसलेल्या सरांच्या पत्नी, आमच्या सुमित्राबाई वहिनी. माझे सहकारी, कार्यालयातील मंडळी, गावागावांहून आलेले पालक आणि माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

मी योगेश्वरी रहांगडाले. मराठी शिकवते. रसायनशास्त्राच्या माणसाला निरोप द्यायला मराठीच्या बाईला का उभं केलं, असं तुमच्या मनात आलं असेल. गेल्या आठवड्यात मला सांगितलं, तेव्हा मलाही तेच वाटलं. प्राचार्य म्हणाले, मॅडम, तुमची भाषा चांगली आहे, पाच मिनिटं सरांबद्दल गोड बोला. आणि जाता जाता म्हणाले, तेवढा तो पाण्याचा विषय नको. प्राचार्य महोदय, मी गोड बोलण्याचा प्रयत्न करते. पण सरांच्या नोकरीतून पाणी वजा केलं तर मागे काय उरतं, ते तुम्हीच मला सांगा.

तर आधी गोड.

बिसेन सर या महाविद्यालयात आले तेव्हा प्रयोगशाळेचं छप्पर पत्र्याचं होतं. सरांनी एकोणीसशे नव्व्याण्णव साली आपल्या महाविद्यालयाची शोधपत्रिका सुरू केली. गोंदियाच्या स्टेशनजवळ एक छापखाना होता, तिथे लग्नपत्रिका छापल्या जायच्या आणि राइस मिलच्या पोत्यांवरची लेबलं. त्याच यंत्रावर आमची पत्रिका छापली जायची. वर्षातून दोन अंक. लेख आला की सर त्यावरचं लेखकाचं नाव कागदाची पट्टी चिकटवून झाकायचे आणि नागपूर, रायपूर, अमरावतीच्या दोन जाणकारांकडे पोस्टानं पाठवायचे. दोघांनी होकार दिला तरच छापायचं. नाही म्हणाले तर सर स्वतः लेखकाला लिहायचे की लेख का परत येतो आहे. लोक रागवायचे. आपल्या संस्थेतल्या मोठ्या माणसांचे लेखही परत गेलेत. भैयाजी हसताहेत, म्हणजे त्यांना आठवतं.

माझाही लेख परत आला होता. आपल्या पोवारी बोलीतल्या लग्नगीतांवरचा. शेरा एवढाच होता की ही गीतं लेखिकेनं कुणाकडून ऐकली ते लिहिलेलं नाही. मी सरांकडे गेले. म्हटलं, सर, कुणाकडून म्हणजे, माझ्या आईकडून, मुर्री गावच्या घरी, लहानपणापासून. सर म्हणाले, मग आईचं नाव लिहा, गीत तिचं आहे. मी लिहिलं, तुलसाबाई, मुर्री. अंक घरी आला. आईला वाचता येत नव्हतं. तिनं मला तीनदा विचारलं, माझं नाव नेमकं कुठे आहे, आणि त्या ओळीवर बोट ठेवून बसून राहिली. दुसऱ्याचं ते दुसऱ्याच्या नावानं छापायचं, हा सगळा व्यवहार मला त्या दुपारी कळला. पुस्तकात वाचून कळला नव्हता.

अशी ती पत्रिका होती. लहान, वेळेवर न निघणारी, पण खरी.

मग दोन हजार दहा साल आलं. प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुण मोजायचा नियम आला. छापलेल्या प्रत्येक शोधनिबंधाला गुण, पण पत्रिकेला आयएसएसएन नावाचा आंतरराष्ट्रीय नोंदणी क्रमांक हवा. असा क्रमांक आपल्या पत्रिकेकडे होता, कारण सरांनी तो फार पूर्वीच खटपट करून मिळवला होता. एका रात्रीत आमच्या त्या लहानशा पत्रिकेला भाव आला. दूरदूरच्या जिल्ह्यांतून फोन येऊ लागले, लेख पाठवतो, कधी छापता?

बैठक झाली. मी त्या बैठकीत होते. ठरलं असं की पत्रिका दर महिन्याला काढायची, लेखकाकडून शुल्क घ्यायचं आणि जाणकारांना पाठवण्यात वेळ जातो म्हणून ते बंद करायचं. संस्थेची इमारत अर्धवट होती, पैसा हवा होता, हे मी नाकारत नाही. सर सगळं ऐकून घेत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"मग नापास कोण करणार?"

भैयाजी, तुम्ही म्हणालात, "बिसेन सर, नापास कायले करायचं? आपण काय परीक्षा घेऊन राहिलो का?"

सगळे हसले. मीही हसले असेन. सरांनी त्याच दिवशी संपादकपद सोडलं. पण मुखपृष्ठाच्या आत 'संस्थापक संपादक' म्हणून त्यांचं नाव छापलं जातच राहिलं. नाव काढा म्हणून सरांनी विनंती केली. उत्तर मिळालं, तुमच्या नावाला मान आहे, ते कसं काढायचं?

आता प्रमुख अतिथींकडे येते. टिकेश सर, मी हे तुमच्या पाठीमागे बोलले असते तर ते चहाड्या करणं झालं असतं. म्हणून समोर बोलते. तुम्ही सरांचे सर्वांत लाडके विद्यार्थी होतात. काचेच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडताना तुमचा हात हलत नसे, हे सर अजून सांगतात. एम.एस्सी. झाल्यावर कितीतरी वर्षं तुम्ही इथेच तासिका तत्त्वावर शिकवलंत. उन्हाळ्यात पगार नाही, दिवाळीला पगार नाही. पुढे कायम झालात. मग बढतीसाठी शोधनिबंध हवे झाले. हे सगळं मी पाहिलेलं आहे आणि ते सोपं नव्हतं.

टिकेश सरांनी आपल्याच भागातल्या एका गावच्या पिण्याच्या पाण्यावर शोधनिबंध लिहिला. आपल्याच पत्रिकेत छापून आला. त्या गावाचं नाव मी या माइकवरून घेणार नाही. तिथल्या मुलींची लग्नं जुळायची आहेत, आणि त्या गावाचं नाव निघालं की पाहुणे आता आधी मुलीला हसायला सांगतात. दात बघायला.

निबंधात लिहिलं होतं की त्या गावचं पाणी सर्व दृष्टींनी पिण्यास योग्य आहे. कोष्टकं होती, आलेख होता.

वर्षभरानं एक बाई महाविद्यालयात आल्या. सुशिलाबाई, त्या गावच्या सरपंच. गावानं ठराव केला होता की आमच्या हँडपंपाचं पाणी बाधतं, तलावातून नळानं पाणी द्या. ठराव पाणीपुरवठा कार्यालयातून परत आला होता, आणि सोबत या निबंधाची झेरॉक्स जोडलेली होती. म्हणजे, बाई, तुमच्या पाण्याचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे, पाणी उत्तम आहे. झेरॉक्सवर संस्थापक संपादक म्हणून सरांचं नाव होतं, म्हणून त्या सरांचं नाव विचारत आल्या. मी तेव्हा प्रयोगशाळेच्या दारातच उभी होते.

त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या कालेजच्या पुस्तकात आमचं पाणी चांगलं हाये मनून लिवलं हाये. मंग आमच्या पोराईचे दात काऊन असे होऊन राहिले? माहा सासरा वाकून चालते, त्याले उठता येत नाही. तुमी छापलं, तं तुमीच सांगा."

सरांनी कोष्टक वाचायला घेतलं आणि वाचता वाचता थांबले. मला म्हणाले, मॅडम, हे आकडे मी पाहिलेले आहेत. ते उठले, कपाटातून आपल्याच पत्रिकेचा जुना अंक काढला. त्यात छत्तीसगडमधल्या छोटेलाल साहू नावाच्या एका शिक्षकाचा निबंध होता, त्यांच्या गावच्या विहिरींवरचा. सरांनी स्वतः तपासून छापलेला. तेच आकडे. दशांश चिन्हापुढचेसुद्धा तेच. फक्त विहिरींची नावं बदलून आपल्याकडच्या त्या गावातल्या हँडपंपांची नावं घातली होती. आपल्या पत्रिकेनं जे खरं छापलं होतं, त्याचीच चोरी आपल्या पत्रिकेनं छापली, आणि मध्ये कुणी वाचलंसुद्धा नाही.

सरांनी साहू गुरुजींना फोन लावला. ते निवृत्त झाले होते. म्हणाले, जाने दीजिए सर, अब किसको फर्क पड़ता है. सर म्हणाले, एका गावाला पडतो. तिकडून फोन ठेवला गेला.

मग सर टिकेश सरांच्या घरी गेले. त्या घरात काय झालं ते मला सरांनीच सांगितलं, आणि त्यात वाढवून काही नाही. टिकेश सरांनी एका शब्दानं नाकारलं नाही. ते म्हणाले, "सर, बाटल्या भरून आणल्या होत्या मी. गावात गेलो होतो. आपली मशीन बंद होती, दुरुस्तीचा प्रस्ताव मंजूर झाला नाही. लेखाची तारीख निघून जात होती. सगळेच करून राहिले, सर. मलेच काऊन विचारता?"

सर म्हणाले, "कारण तुले मी शिकवलो."

त्या बाटल्या खरंच होत्या. प्रयोगशाळेच्या खालच्या फडताळात, गावाचं नाव चिकटवलेल्या, बूचसुद्धा न उघडलेल्या. मी पाहिल्या आहेत.

सरांचं मागणं फार नव्हतं. दोन ओळी लिहून दे की हा निबंध मी मागे घेतो. टिकेश सर म्हणाले, मुलाखत होऊ द्या. मुलाखत झाली. मग म्हणाले, बढतीचा आदेश हातात येऊ द्या. आदेश आला. त्यानंतर ते सरांसमोर यायचंच टाळू लागले. आज भेटताहेत, या व्यासपीठावर. दोघांच्या मध्ये भैयाजी बसले आहेत, ते बरंच आहे.

प्राचार्य महोदय, मी घड्याळ पाहिलं. माझी पाच मिनिटं केव्हाच संपली. मी पुढे बोलते.

सरांनी पत्रिकेच्या नव्या संपादक मंडळाला कळवलं की निबंध खोटा आहे, मागे घ्या. उत्तर आलं, छापलेला निबंध मागे घेण्याची आपल्याकडे तरतूद नाही. शिवाय मागे घेतला तर संस्थेची बदनामी, मूल्यांकनाला येणारी समिती काय म्हणेल? सरांनी विद्यापीठाकडे तक्रार केली, विद्यापीठानं चौकशी समिती नेमली. समितीला आढळलं की कोष्टकांत 'तांत्रिक स्वरूपाची साम्यस्थळं' आहेत. मी जन्मभर मराठी शिकवली, पण चोरीला इतका सभ्य शब्द मला सुचला नसता.

मग सर स्वतः गावात गेले. प्रत्येक हँडपंपाचं पाणी घेतलं, जुन्या वस्तीतल्या उघड्या विहिरीचंही घेतलं आणि नागपूरच्या प्रयोगशाळेतून तपासून आणलं. हँडपंपाच्या पाण्यात फ्लोराइड निघालं, सुरक्षित मर्यादेच्या तिप्पट, शाळेजवळच्या पंपात चौपट. मुलांचे दात त्यानंच पिवळे-तपकिरी होतात आणि म्हाताऱ्यांची हाडं त्यानंच आखडतात. विहिरीचं पाणी मात्र चांगलं होतं. खोल बोअरला दगडातलं फ्लोराइड लागतं, वरच्या विहिरीला तेवढं लागत नाही. सरांनी यावर निबंध लिहिला. साधा, नेमका, प्रत्येक आकडा कुठून आला ते सांगणारा.

तो छापायला कुणी तयार होईना. दिल्लीच्या एका नामांकित पत्रिकेनं सांगितलं, एका खेड्याचा विषय आहे, आमच्या वाचकांना त्यात रस नाही. दुसऱ्या एका पत्रिकेनं वर्षाहून जास्त काळ उत्तरच दिलं नाही. इकडे सुशिलाबाई फोन करत होत्या. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की छापलेल्याला छापलेलंच उत्तर लागतं. उरली एकच पत्रिका, आपली. ती लगेच छापायला तयार होती. शुल्क भरा, पुढच्या महिन्यात घ्या.

ज्या माणसानं शुल्क नको म्हणून संपादकपद सोडलं, त्यानं आता तेच शुल्क भरायचं? सर एक अख्खी दुपार घराच्या छपरीत, पुढच्या ओसरीत, बसून होते. वहिनी, तुम्ही मला परवानगी दिली आहे म्हणून सांगते. सरांनी वहिनींना विचारलं, भरू का? वहिनी म्हणाल्या, "लोकाईचं पाणी मोठं का तुमचा हट्ट मोठा?"

सरांनी शुल्क भरलं. निबंध छापून आला.

तो अंक घेऊन आम्ही तिघं, सर, सुशिलाबाई आणि मी, ज्या कार्यालयातून ठराव परत आला होता तिथे गेलो. साहेब चांगले होते. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा मागवला. दोन्ही निबंध शेजारी शेजारी ठेवून त्यांनी वाचले. मग म्हणाले, "सर, पत्रिका एकच. एक निबंध म्हणतो पाणी चांगलं, दुसरा म्हणतो वाईट. मी कुणाचं मानू?"

सरांनी नागपूरचा अहवाल पुढे केला. खासगी अहवाल चालत नाही, असं साहेब म्हणाले. मग त्यांनी अंक उलटला, शेवटच्या पानावरचे नियम वाचले आणि अगदी सहज विचारलं, "इथे पैसे भरल्याशिवाय छापत नाहीत ना? तुम्हीसुद्धा भरले असतील."

सर म्हणाले, "हो. भरले."

"मग झालं तर. त्यांनीही भरले, तुम्हीही भरले."

सरांनी नागपूरचा अहवाल घडी करून खिशात ठेवला आणि ते उठले. चहा तसाच राहिला. सुशिलाबाई बाहेर आल्यावर मला विचारत होत्या, का झालं, गुरुजी गप काऊन झाले? मला त्यांना समजावून सांगता आलं नाही. आजही येत नाही. आयुष्यभर ज्या एका गोष्टीमुळे या माणसाचा शब्द वेगळा मानला जायचा, ती गोष्ट त्यानं एका गावासाठी दिली, आणि दिली म्हणूनच त्याचा शब्द इतरांसारखा झाला. वहिनी अजून म्हणतात, मी तसं म्हणायला नको होतं. वहिनी, तुम्ही बरोबर बोललात. बरोबर बोलूनही काही होत नाही, अशी वेळ होती ती.

साहेबांनी एक केलं, ते सांगितलं पाहिजे. कार्यालयाची माणसं पाण्याचा नमुना घ्यायला गावात पाठवली. ती भर पावसाळ्यात आली. शाळेकडच्या रस्त्यावर गुडघाभर चिखल होता, म्हणून त्यांनी जुन्या वस्तीतून नमुना घेतला. विहिरीचा. तो चांगलाच निघाला. निघणारच होता. फाइल बंद झाली.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. टिकेश सर प्राचार्य झाले. गेल्या वर्षी संशोधनातील नीतिमत्ता या विषयावर कार्यशाळा झाली, तिथलं बीजभाषण त्यांचं होतं. मी ऐकलं. चांगलं बोलले. त्यांचा तो निबंध अजूनही नव्या निबंधांच्या संदर्भसूचीत सापडतो, कारण आमची मुलं वाचत नाहीत, उतरवतात, आणि आम्हीच तसं शिकवलं. सुशिलाबाईंचे सासरे वारले. आता त्या सरपंच नाहीत. नवीन मंडळींना तो ठराव पुन्हा करायचा नाही, गावाचं नाव खराब होतं म्हणतात.

आणि आपली पत्रिका? मघाशी आपण तिच्या 'बिसेन गौरव विशेषांका'चं प्रकाशन केलं. मुखपृष्ठावर सरांचा फोटो आहे. फोटोग्राफरनं सांगूनही सर त्या वेळी उभे राहिले नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. असा अंक काढू नका, असं त्यांनी दोनदा सांगितलं होतं. अंकात चाळीसेक निबंध आहेत. मी ते वाचलेले नाहीत. छापणाऱ्यांनीही वाचले नसावेत.

आज सर सत्काराला उत्तर देणार नाहीत. ते त्यांनी आधीच कळवलं आहे. गेल्या आठवड्यात स्टाफरूममध्ये मी त्यांना विचारलं, सर, मी तुमच्याबद्दल काय बोलू? मला वाटलं, निरोपाच्या दिवशी तरी माणूस स्वतःसाठी काही मागेल. ते म्हणाले, "माझं काही नका सांगू. शाळेजवळच्या पंपाचं पाणी पिऊ नका, तेवढं सांगा. छापून झालं. आता तोंडानं सांगून पाहा."

म्हणून सांगते. मागच्या रांगांमध्ये त्या गावची मुलंमुली बसली आहेत. मी तुमच्याकडे बघणार नाही, पण तुम्ही ऐका. शाळेजवळच्या पंपाचं पाणी पिऊ नका, लहान भावंडांना पाजू नका, त्यात वरण शिजवू नका. त्यातलं फ्लोराइड उकळून जात नाही. जुन्या वस्तीतल्या विहिरीचं प्या.

ती विहीर होळीच्या आसपास आटते, हे मला माहीत आहे. त्यानंतर पाऊस लागेपर्यंत काय प्यायचं? मी सरांना विचारलं होतं. त्यांनाही माहीत नाही, मलाही माहीत नाही. व्यासपीठावर कुणाला माहीत असेल तर त्यांनी त्यांच्या भाषणात सांगावं.

सर, तुम्हाला दीर्घायुष्य लाभो, असं म्हणायची रीत आहे, आणि ते मी मनापासून म्हणते. तुमचे कष्ट वाया गेले नाहीत, असंही म्हणायची रीत आहे. ते मात्र मला म्हणता येत नाही. तसं म्हटलं तर तुम्ही माझं हे भाषणही त्या लेखासारखं परत पाठवाल.

अध्यक्ष महोदयांनी मला मध्येच थांबवलं नाही, त्याबद्दल त्यांची मी ऋणी आहे. प्रमुख अतिथी जागेवरून उठून गेले नाहीत, त्यांचेही आभार. वहिनींचे, आयोजकांचे आणि उन्हात इतका वेळ शांत बसलेल्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलताना कुणाचा मान राखण्यात कमी पडले असेन, शब्द उणाअधिक गेला असेल, तर तो पोटात घाला, मोठ्या मनानं क्षमा करा. पण माहितीत कुठे चूक असेल तर क्षमा करू नका. आत्ता उभं राहून सांगा, मी इथेच, सगळ्यांसमोर शब्द मागे घेईन.

मी जरा थांबते.

कुणी उठत नाही. बरं. मग मी बसते. नमस्कार.